लँड-ग्रँट विद्यापीठ म्हणजे नेमकं काय? आयोवा स्टेटला हे नाव का लावतात?

तुम्ही लिहिलंय की मुलीला अमेरिकेत एम्स गावच्या आयोवा स्टेट विद्यापीठात कृषीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे. त्यांच्या माहितीपत्रकात ‘लँड-ग्रँट’ हा शब्द वारंवार येतो, आणि एका नातेवाइकाने तुम्हाला सांगितलं की सरकारने फुकट जागा दिलेलं ते साधंसं शेतकी कॉलेज आहे. हे खरं का, आणि तिथे शिकण्यात अर्थ आहे का, असा तुमचा प्रश्न. मी अकोल्याला बीएस्सी ॲग्री करून पुढे आयोवा स्टेटमध्येच शिकलो. माझे वडील अजून सोयाबीन-तूर करतात. त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे, उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी त्या शब्दाचा उलगडा. विद्यापीठ ज्या जागेवर उभं आहे ती जागा सरकारने दिली, असा अर्थ बहुतेक जण काढतात. तसं नाही. एम्सची जागा आयोवा राज्याने 1859 मध्ये पैसे मोजून विकत घेतली होती. 648 एकरांचं शेत होतं ते, आणि त्यावर 1860 मध्ये बांधलेलं ‘फार्म हाऊस’ आजही कॅम्पसच्या मधोमध उभं आहे. ‘ग्रँट’मधली जमीन वेगळी. 1862 च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने प्रत्येक राज्याला, त्या राज्याचे संसदेत जितके सदस्य असतील त्या प्रत्येकामागे 30,000 एकर याप्रमाणे जमीन दिली. ती विकायची किंवा भाड्याने लावायची, त्यातून कायमचा निधी उभा करायचा आणि त्याच्या व्याजावर किमान एक कॉलेज चालवायचं. त्या कॉलेजात शेती आणि यंत्रविद्या शिकवलीच पाहिजे, बाकीचे विषयही वगळायचे नाहीत, आणि शिक्षण कष्टकरी वर्गाच्या मुलांसाठी असावं, ही अट. म्हणजे जमीन हे भांडवल होतं. 1860 च्या जनगणनेप्रमाणे आयोवाचे दोन सिनेटर आणि सहा प्रतिनिधी धरले, म्हणून हक्क 2,40,000 एकरांचा ठरला.

हा कायदा मांडणारे जस्टिन मॉरिल व्हरमाँट राज्यातल्या एका लोहाराचे चिरंजीव. स्वतःची शाळा पंधराव्या वर्षी सुटलेली. त्यांचं विधेयक पहिल्यांदा संसदेत मंजूर झालं तेव्हा 1859 मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी ते नाकारलं. मग यादवी युद्ध पेटलं, विरोध करणारी दक्षिणेकडची राज्यं फुटून गेली आणि 2 जुलै 1862 रोजी लिंकन यांनी सही केली. त्या धामधुमीत, 11 सप्टेंबर 1862 ला, हा कायदा स्वीकारणारं पहिलं राज्य म्हणजे आयोवा. कॉलेजची स्थापना त्यांनी 1858 मध्येच कागदावर करून ठेवली होती, फक्त पैसा नव्हता. प्रत्यक्ष वर्ग 1869 मध्ये रीतसर सुरू झाले. 1872 ला पहिली तुकडी बाहेर पडली, तीत 24 मुलगे आणि 2 मुली. मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश होता, हे तुमच्या लेकीला जरूर सांगा.

आता एक गोष्ट जी माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत. ती लाखो एकर जमीन ‘सरकारची’ कशी झाली? आयोवाच्या वायव्य भागातली जमीन डकोटा लोकांकडून 1851 च्या करारांनी घेतलेली. मध्य आणि पूर्व आयोवातून सॉक आणि मेस्क्वाकी लोकांना त्याआधीच हुसकावून लावलं होतं. 2020 मध्ये अमेरिकी पत्रकारांनी जुनी दप्तरं तपासून हिशेब मांडला, की मॉरिल कायद्याखाली वाटलेली सुमारे 1 कोटी 7 लाख एकर जमीन जवळपास अडीचशे जमातींची होती. मेस्क्वाकींची कहाणी मला तिथे राहताना कळली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही. हुसकावलेल्यांपैकी काही जण परत आले, आपसात पैसे गोळा केले आणि 1857 मध्ये टामा काउंटीत 80 एकर जमीन विकत घेतली. आपलीच जमीन, पदरचे पैसे मोजून. त्याच्या पुढच्याच वर्षी कॉलेजचा ठराव मंजूर झाला. मेस्क्वाकी आजही तिथेच आहेत, एम्सपासून गाडीने तास-सव्वा तासावर. आदिवासी जमातींनी चालवलेल्या कॉलेजांना लँड-ग्रँटचा दर्जा मिळायला 1994 साल उजाडावं लागलं. हे विद्यापीठ मला कितीही प्रिय असलं तरी त्याच्याविषयी सांगताना हे गाळणं मला जमत नाही.

कॉलेज निघालं म्हणून शेतकरी धावत आले, असंही झालं नाही. त्यांच्या लेखी ती ‘पुस्तकी शेती’ होती, आणि त्यांचं फारसं चुकत नव्हतं, कारण शिकवण्याजोगं शास्त्रच तेव्हा हाताशी कमी होतं. 1887 च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्यात प्रयोगकेंद्रासाठी पैसा आला, मग खरी सुरुवात झाली. तरीही केंद्रात सिद्ध झालेली गोष्ट बांधापर्यंत पोचवायची कोणी, हा प्रश्न उरलाच.

तो आयोवात सुटला तो 1903 च्या सुमारास, आणि लँड-ग्रँट म्हणजे काय हे मला विचाराल तर मी याच जागेवर बोट ठेवीन. पेरी होल्डन नावाचे मक्याचे प्राध्यापक 1902 मध्ये एम्सला आले होते. राज्याच्या वायव्य टोकाला सू काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका धरा. तिथल्या शेतकऱ्यांनी कॉलेजकडे मागणी केली की तुमचे प्रयोग एम्सला नकोत, आमच्या मातीत करून दाखवा. होल्डन गेले. वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या घरचं मक्याचं बियाणं गोळा करून काउंटीच्याच जमिनीवर शेजारीशेजारी पेरलं आणि उन्हाळाअखेर सगळ्यांना बघायला बोलावलं. कोणाचं बियाणं कसं आहे ते सगळ्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या वर्षी, 1904 मध्ये, त्यांनी रेल्वे कंपन्यांना राजी करून बियाण्यांची गाडी काढली. डब्यात बाकं, तक्ते, कणसं. गाडी ठरल्या वेळी स्टेशनात यायची, आसपासचे शेतकरी डब्यात चढायचे, थोडक्या मिनिटांचं भाषण व्हायचं आणि गाडी पुढच्या स्टेशनाला निघायची. लोक तिला ‘गॉस्पेल ट्रेन’ म्हणत, कारण होल्डन धर्मोपदेशकाच्या तळमळीने बोलत. दोन-तीन हंगामांत राज्यातल्या बहुतेक सगळ्या काउंट्यांतून ही गाडी फिरली.

आणि बोलायचे काय? एकच गोष्ट. शेतकरी सुगीत दिसायला सुंदर, भरदार कणसं बियाण्यासाठी बाजूला काढत. पण आयोवाच्या थंडीत कित्येक कणसं आतून मरतात, वरून पत्ता लागत नाही. एका कणसावर सातआठशे दाणे. मेलेलं एक कणीस पेरणीत आलं की तितकी झाडं गेली. म्हणून होल्डन सांगत: प्रत्येक कणसाला नंबर द्या. त्याच्या बुडखा, मध्य आणि शेंडा या भागांतून मिळून सहा दाणे काढा. ओल्या भुश्याच्या पेटीत चौकोन आखून त्या त्या नंबरात ठेवा, किंवा ओल्या फडक्यात गुंडाळा. सातआठ दिवसांनी उघडा. ज्या कणसाचे दाणे धड उगवले नाहीत ते जनावरांपुढे टाका. खर्च शून्य, आणि घरातलं शाळकरी पोरही हे करू शकतं.

हे मी एम्सला पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं घरच दिसलं. मे महिन्याच्या शेवटी माझे वडील सोयाबीनच्या पोत्यातून मूठमूठ बी काढतात. शंभर दाणे मोजतात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लावतात, वरून दुसरं गोणपाट टाकून गुंडाळी करतात आणि माजघराच्या कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवतात. रोज सकाळी हाताने पाणी शिंपडायचं. सहाव्या दिवशी गुंडाळी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीचं प्रमाण, कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर ते बी पेरायचंच नाही. एका वर्षी हे न करता बाजारातलं पिशवीबंद बियाणं सरळ पेरलं आणि दुबार पेरणी करावी लागली. त्यानंतर आमच्या घरात गोणपाट चुकलेलं नाही. वडिलांना हे कृषी खात्याच्या माणसाने गावच्या पारावर करून दाखवलं होतं.

होल्डन यांनी सुरू केलेल्या कामासाठी आयोवाच्या विधिमंडळाने 1906 मध्ये कायदा करून पैसे मंजूर केले. 1914 मध्ये स्मिथ-लिव्हर कायद्याने ते साऱ्या देशाचं झालं, आणि ‘विस्तार’, म्हणजे संशोधन बांधापर्यंत पोचवणं, ही लँड-ग्रँट विद्यापीठाची शिक्षण आणि संशोधनाच्या बरोबरीची तिसरी जबाबदारी ठरली. आज आयोवात 99 काउंट्या आहेत आणि प्रत्येक ठिकाणी विद्यापीठाचं विस्तार कार्यालय आहे. एका मोठ्या काउंटीत दोन, म्हणून एकूण शंभर. प्रत्येकावर नऊ जणांचं मंडळ असतं, आणि ते लोक मतदानाने निवडून देतात! विस्ताराच्या खर्चातला वाटा मालमत्ता कराच्या रूपाने काउंटीतले लोक स्वतः उचलतात. त्यामुळे विद्यापीठ आपलं आहे, त्याला जाब विचारता येतो, ही भावना तिथल्या साध्या शेतकऱ्याच्या बोलण्यात असते. मी पाहिलंय, शेतदिवसाला, म्हणजे विद्यापीठ आपले प्रयोग शेतकऱ्यांना रानात दाखवतं त्या दिवशी, एक म्हातारे गृहस्थ जमिनीचे थर दाखवायला खोदलेल्या खड्ड्यात उतरले, मातीचं ढेकूळ हातात चुरलं आणि नावाजलेल्या प्राध्यापकांना म्हणाले की तुमचा आलेख आमच्या उताराच्या रानाला लागू पडत नाही. प्राध्यापकांनी वही काढून त्यांच्या रानाचा नकाशा काढून घेतला.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत किती प्रेमाने वाचले जातात ते तुम्हाला ठाऊक असेलच. ते याच विद्यापीठाचे. गुलामीत जन्मलेला हा मुलगा. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने त्याचा रंग पाहून दारातून परत पाठवला होता. आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात चित्रकला शिकताना एटा बड या शिक्षिकेने त्याचं झाडांचं वेड ओळखलं. तिचे वडील एम्सला फळबाग शास्त्राचे प्राध्यापक होते. तिच्या आग्रहाने कार्व्हर 1891 मध्ये एम्सला आले, तिथले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. 1894 ला पदवी, 1896 ला पदव्युत्तर पदवी, आणि मधल्या काळात लुई पॅमेल यांच्या हाताखाली वनस्पतींवरच्या बुरशींचं काम. पुढे अलाबामातल्या टस्कीगी या काळ्या मुलांच्या संस्थेतली त्यांची कहाणी सगळ्यांना माहीत असते, पण तिचं मूळ एम्समध्ये आहे हे सहसा सांगितलं जात नाही. कॉलेजने लोकांच्या दारात जायचं, हे ते तिथे शिकले. 1906 मध्ये टस्कीगीहून निघालेली ‘जेसप वॅगन’, म्हणजे अवजारं, बियाणं, लोणी काढायची यंत्रं घेऊन अलाबामाच्या गरीब काळ्या शेतकऱ्यांकडे जाणारी घोडागाडी, ही होल्डनच्या रेल्वेगाडीची सख्खी बहीण वाटते मला. दक्षिणेत गोऱ्यांची लँड-ग्रँट कॉलेजं काळ्या मुलांना घेत नव्हती. 1890 च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने सांगितलं की एक तर त्यांना घ्या, नाही तर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. बहुतेकांनी वेगळं काढलं आणि त्याला पैसा कमीच दिला.

विस्ताराविषयी आणखी एक अभ्यास सांगतो, कारण तुमची मुलगी कृषी विस्तार विषय घेणार असेल तर पहिल्याच महिन्यात तो समोर येईल. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या आयोवा स्टेटच्या दोघांनी संकरित मका कसा पसरला हे शोधायला ग्रीन काउंटीतल्या 259 शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. 1943 मध्ये निष्कर्ष छापले. दोघे सोडून बाकी सगळ्यांनी तेरा-चौदा वर्षांत संकरित बियाणं स्वीकारलं होतं. बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली, पण पेरायचा निर्णय झाला तो शेजाऱ्याचं शेत पाहून. आणि एकदम सगळं रान कोणी लावलं नाही. आधी तुकडाभर, मग थोडं जास्त, मग पूर्ण. या धाग्यावर पुढे जगभर गाजलेला सिद्धान्त मांडणारे एव्हरेट रॉजर्स हेही आयोवाच्याच एका शेतकऱ्याचे चिरंजीव आणि याच विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांच्या वडिलांना नवी यंत्रं आवडत, पण संकरित मक्याला ते नाही म्हणत राहिले. 1936 च्या दुष्काळात शेजारचा मका उभा राहिला आणि यांचा करपला, तेव्हा पटलं. आमच्याकडे बीबीएफ यंत्राने रुंद सरी-वरंब्यावर सोयाबीन लावायला लोक असेच तयार झाले. भाषणं किती झाली, पण पाणी साचलेल्या वर्षी बांधापलीकडचं पीक हिरवं दिसलं आणि पुढच्या हंगामात गावात यंत्राला नंबर लागले.

आता मनाला सगळ्यात भिडलेली गोष्ट. 1980 च्या दशकात आयोवाच्या शेतीवर फार वाईट काळ आला. कर्ज काढून जमिनी घेतलेल्या, व्याजदर चढलेले, आणि जमिनीचे भाव कोसळले. विद्यापीठाच्याच सर्वेक्षणाप्रमाणे 1981 ला सरासरी एकरी 2,147 डॉलर असलेला भाव 1986 ला 787 वर आला. पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं लिलावात गेली, माणसांनी जीव दिले. तेव्हा 1985 मध्ये विस्तार विभागाने ‘आयोवा कन्सर्न’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली. कर्ज, कायदा, घरातला ताण, कशासाठीही फोन करा, पलीकडे माणूस आहे. ती अजून चालू आहे, चोवीस तास. विदर्भात वाढलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. मक्याचं वाण काढणाऱ्या विद्यापीठाने तो मका पेरणाऱ्या माणसाची रात्रही आपल्या कामात धरली.

आपल्याकडे हे बीज आलं होतं. साठच्या दशकात अमेरिकी सरकारच्या मदतीने तिथल्या लँड-ग्रँट विद्यापीठांनी आपल्याकडे कृषी विद्यापीठं उभी करायला हात दिला. 1960 मध्ये सुरू झालेल्या पंतनगरला इलिनॉयने, लुधियानाला ओहायो स्टेटने, महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनिया स्टेटने. राहुरी 1968, अकोला 1969, दापोली आणि परभणी 1972. शिक्षण, संशोधन, विस्तार ही तिन्ही कामं आपल्याही विद्यापीठांच्या कायद्यात आहेत. फरक पडला तो एका जागी: गावात जाणारा माणूस, म्हणजे कृषी सहायक, राज्याच्या कृषी खात्याचा राहिला. विद्यापीठाकडे विस्तार शिक्षण आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, शिवार फेरी आहे, आणि अकोल्याच्या शिवार फेरीची गर्दी मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण एखाद्या शेताच्या बांधावरचा प्रश्न त्याच महिन्यात शास्त्रज्ञाच्या टेबलावर जाईल अशी वाट आपण मजबूत बांधली नाही. माझ्या मते आपली सगळ्यात मोठी चूक तीच, आणि तुमच्या मुलीसारखी मुलं परत आली तर ती दुरुस्तही होईल.

दुय्यम दर्जाचं म्हणणाऱ्या नातेवाइकांना एवढंच सांगा. अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक पशुवैद्यक महाविद्यालय तिथे 1879 मध्ये निघालं. जॉन अतानासॉफ आणि क्लिफर्ड बेरी यांनी 1939 ते 1942 या काळात इलेक्ट्रॉनिक संगणक तिथल्याच तळघरात बनवला. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले हेन्री वॉलेस तिथले 1910 चे पदवीधर. लहानपणी ते कार्व्हरांचं बोट धरून एम्सच्या रानात फुलं ओळखायला जात. कॉर्नेल, एमआयटी, विस्कॉन्सिन हीसुद्धा लँड-ग्रँटच. मात्र लँड-ग्रँट आहे म्हणून फी कमी, असं समजू नका. परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना फी भरपूर असते. पदव्युत्तरला संशोधन साहाय्यक म्हणून जागा मिळाली तर शिक्षणशुल्कात मोठी सवलत आणि महिन्याचं मानधन मिळतं. तिच्या प्रवेशपत्रात ते लिहिलंय का, हे आधी बघा. नसेल तर विभागाला ईमेल करून स्पष्ट विचारा.

ती ऑगस्टमध्ये पोचेल. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या संशोधन शेतांवर शेतदिवस असतात. तिथे शेतकरी असतात, त्यामुळे वर्गात न कळणारं बरंच कळतं. तिला पहिल्याच महिन्यात एखाद्याला जायला सांगा. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसवून रानभर फिरवतात. सोबत जुने बूट न्यायला सांगा, मक्यात दवाने पाय भिजतात.